दूध संस्थेच्या सचिवअण्णांना, न बनवलेल्या गोष्टींबद्दल

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या यंदाच्या रोडमॅपवरून, म्हणजे पुढे काय बनवायचं त्या यादीवरून, दोन कामं गळाली आणि एक पार रूप बदलून सगळ्यात वर जाऊन बसलं. तिन्हींमागे तुम्ही आहात, आणि आमच्या कुठल्याच मीटिंगच्या टिपणात तुमचं नाव नाही. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, तर तुम्ही जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून विषय संपवला असता. शिवाय माझ्यासारखंच, म्हणजे पुढे काय बनवायचं ते ठरवायचं काम करणारी पुष्कळ मंडळी पुण्या-मुंबईत आहेत. त्यांनीही हे वाचावं असं वाटतं, म्हणून पत्र उघड ठेवलंय. गावाचं आणि तुमचं नाव तेवढं लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही हे माहीत आहे.

ज्यांना दूध संस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अण्णा वारणाकाठच्या एका गावच्या संस्थेचे सचिव. सकाळ-संध्याकाळ संकलन. प्रत्येक उत्पादकाला कोड नंबर, काट्यावर लिटर, मशीनवर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून बाकीचे घन घटक), दरपत्रकाप्रमाणे दर आणि हातात छापील पावती. बिल दर दहा दिवसांचं. त्यातून पशुखाद्याची पोती, उचल आणि इतर कपाती वजा होऊन उरेल ते खात्यावर. आम्ही अशा संस्थांना हिशेबाचं सॉफ्टवेअर देतो. म्हणजे गिऱ्हाईक संस्था, पण दूध घालणारी माणसं वेगळीच. या दोघांत किती अंतर आहे, ते तुमच्या काउंटरमागच्या स्टुलावर बसल्यावर कळलं.

तुमच्याकडे आले तेव्हा फळ्यावर तीन कल्पना होत्या आणि तिन्हींवर ऑफिसात एकमत होतं. पहिली, उत्पादकांसाठी मोबाइल ॲप: रोजचं लिटर, रोजची फॅट, रोजचा दर. आमच्या पोरांनी काही गावांत फोनवर स्क्रीन दाखवून विचारलं होतं, "वापराल का?" सगळीकडून होकार. तो कागद मी मोठ्या उत्साहानं तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "ताई, पावण्याला चहा पाजल्यावर 'तुमचं हे आमच्या काय कामाचं न्हाई' असं कोण म्हणंल? पुण्यास्नं आलेल्या पोरांचं मन कोण मोडंल?"

आमच्या क्षेत्रात यावर भरपूर लिहिलं गेलंय: भविष्याबद्दल विचारलं की लोक भलं भलं बोलतात, मागं काय घडलं ते विचारावं. पण ते वाचणं वेगळं आणि तुमच्या शब्दांत ऐकणं वेगळं. तुम्ही सरळ हुकूमच दिलात: "ॲपचं नाव काढू नका. मागच्या बिलाला काय झालं तेवढं इचारा. आन् बिलाच्या दिवशी हितं येऊन बसा."

बसले. संकलनाच्या वेळी पावती हातात पडली की नजर थेट फॅटवर. संध्याकाळी म्हशीची फॅट चढली की समाधान, सकाळी उतरली की मशीनवर संशय. मग त्या पावतीची सुरळी होते आणि ती दारातच पडते. तुमचा झाडूवाला पोरगा त्या गोळा करतो. रोजच्या आकड्याची भूक तिथल्या तिथेच भागलेली असते, त्यासाठी घरी जाऊन कुणी फोन उघडणार नाही. तसा तो उघडायचा तरी कुणी? कॅन घेऊन येते आजी, सून, नाहीतर शाळेला निघालेलं पोरगं. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर असतो इचलकरंजीत मागावर असलेल्या मुलाचा.

बिलाच्या दिवशी मात्र चित्र पालटलं. तक्रार फॅटची एखादीच, बाकी झाडून सगळ्या कपातीच्या. "तीन पोती कशी? मी तर दोनच नेली." "उचल फिटली न्हवं मागच्या बारीला?" आणि तुम्ही एकेकाला खतावणी उघडून दाखवताय, मागे रांग वाढतेय, कुणीतरी आवाज चढवतंय. माझ्या वहीत त्या दिवशी ॲपबद्दल एक ओळ नव्हती. सगळी पानं कपातीनं भरली होती.

तुम्ही पुढे जे केलंत त्याचे आभार कसे मानावे ते खरंच कळत नाही. मी म्हटलं, बिल व्हायच्या दोन दिवस आधी कपातीचा तपशील पाठवला तर? तुम्ही म्हणालात, मग पाठवू या की, सॉफ्टवेअर कशाला पायजे त्याला! संचालकांच्या कानावर घातलंत, ज्यांची तयारी होती त्या उत्पादकांना विचारलंत, आणि रात्री संस्थेत बसून आपण दोघांनी एकेक मेसेज हातानं टाइप केला. फोन नसलेल्यांना चिठ्ठी. ही रीत आमच्या धंद्याला नवी नाही. 1999 साली अमेरिकेत निक स्विनमर्न यांनी इंटरनेटवर बूट विकले जातील का हे पाहायला आधी गोदाम भरलं नाही. गावातल्या दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, वेबसाइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की दुकानातून तो जोड पूर्ण किमतीला विकत घेऊन पोस्टानं धाडला. प्रत्येक जोडामागे तोटाच, पण लोक पैसे मोजतात हे कळलं. त्यातूनच पुढे झॅपॉस उभी राहिली आणि 2009 मध्ये ॲमेझॉननं ती घेतली. तुम्हाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "आन् बूट बसला न्हाई तर परत कोण नेत होतं?" (माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न मात्र बरोबर होता. परतीची सोय हाच पुढे त्यांच्या धंद्याचा मोठा भाग झाला.)

हातानं पाठवलेल्या त्या मेसेजांतून जे निघालं ते पुण्यात बसून कुणाच्या बापाला सुचलं नसतं. भांडणं दोन दिवस अलीकडे सरकली आणि घरी बसून झाली, हे अपेक्षित होतं. पण उत्तरं आली ती भलतीच: पोतं बरोबर आहे, पण ते माझ्या कोडवर धाकट्या भावानं नेलंय. वाटण्या झालेल्या, चुली वेगळ्या, कोड मात्र अजून एकच. म्हणजे दुखणं बिल छापताना नव्हतंच, पोतं गोदामातून बाहेर पडतानाच ते सुरू होत होतं. आज रोडमॅपवर सगळ्यात वर आहे ते हे: पोतं देताना नेणाऱ्याचं नाव आणि त्याच वेळी कोडधारकाला साधा एसएमएस. ॲप नाही, लॉगिन नाही. आमच्या डिझायनरचा चेहरा पडला होता, ते असो.

दुसरी कल्पना आमच्या संचालकांची लाडकी. फॅट आणि लिटरच्या नोंदींवरून जनावर आजारी पडणार हे आधीच ओळखायचं, कृत्रिम बुद्धिमत्तेनं. गुंतवणूकदारांपुढे मांडायला याहून देखणी गोष्ट नाही. मी जुन्या नोंदींतून फॅट अचानक घसरलेल्यांची यादी काढून आणली. तुम्ही पेन्सिल घेतलीत आणि एकेका कोडपुढे लिहीत गेलात: नवी म्हैस व्यायली. ऊस तुटला, वाडं (उसाचे शेंडे) सुरू झालं. पावसाची कोवळी वैरण. लग्नघर, धार अवेळी काढली. इथं चार म्हशींचं दूध एकाच कॅनमध्ये येतं. हे शेवटचं लिहून तुम्ही पेन्सिल ठेवलीत आणि विचारलंत, "आता ह्यातली आजारी कंची, सांगा."

संपलंच ते. संस्थेत जी नोंद होते ती घराची, जनावराची नाही. जी माहिती गोळाच होत नाही ती कुठलं मॉडेल कुठून आणणार? हे कळायला आम्ही सर्व्हर भाड्यानं घेतले असते, डेटा सायंटिस्ट नेमला असता. तुमची पेन्सिल आणि दोन कप चहा यांत भागलं. मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा प्रयोगांचं काम पाहणारे रॉन कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये लिहून ठेवलंय की तिथे नीट चाचणी केलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांशच ठरवलेल्या मापात सुधारणा करू शकल्या. एक तृतीयांशांनी काहीच फरक पडला नाही, उरलेल्यांनी नुकसान केलं. आणि त्या सगळ्या कुणाला तरी चांगल्या वाटल्या म्हणूनच बनवल्या होत्या. हा आकडा मी आमच्या मीटिंगमध्ये अनेकदा सांगितला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि यादी तशीच राहिली. तुमच्या पेन्सिलीचा तो कागद दाखवल्यावर मात्र ती ओळ त्याच दिवशी पुसली गेली.

तिसरी कल्पना दिवाळीच्या फरकाची. तुमच्याकडे संघ, म्हणजे संस्थांचं दूध घेणारा दूध संघ, दिवाळीआधी दूध दराचा फरक (वर्षभर दिलेल्या दरावरची जादा रक्कम) देतो आणि सगळं गाव त्याच्यावर डोळे लावून असतं. आम्हाला वाटलं, आतापर्यंत किती फरक जमला त्याचा अंदाज वर्षभर दाखवत राहावं. याची मागणी खोटी नव्हती, लोक खरोखर विचारतात. तंत्रही सोपं. इथे मी तुमच्याशी वाद घातला, आठवतं? तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "आकडा मशीनवर दिसला की त्यो संस्थेचा शब्द झाला. फरक ठरवणार संघाचं संचालक मंडळ. त्यांनी चार आणे कमी दिलं तर गाव तुमच्या पुण्याला न्हाई यायचं, माझ्या दारात यील." उत्पादकाला हवं, आम्हाला जमतं, तरी ज्याच्या हातून ते गावात पोचणार त्याचा त्यात बळी जातो, हा कोन आमच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हता. आता आहे. रकान्याचं नाव मी ठेवलंय, "दारात कोण येणार?"

इतकं सगळं झाल्यावर मी तुमचंच म्हणणं प्रमाण मानायला निघाले होते, तेही तुम्ही होऊ दिलं नाहीत. आमच्याकडं म्हशीचं दूध जास्त, नगरकडं गाईचं, तिकडची रीत निराळी, तिकडं बी बघा, असं सांगून पिटाळलंत. आणि तालुक्याच्या चिलिंग सेंटरवर सचिवांची बैठक होती तिथे मला बोलायला वेळ मिळवून दिलात. मी दोन्ही गोष्टी मांडल्या, पोत्यांची नोंद आणि फरकाचा अंदाज. दोन्हींना "छान, छान" झालं. मग तुम्ही उठून टेबलावर पावतीपुस्तक ठेवलंत: "ज्याला पायजे त्यानं पाचशे रुपये बुकिंग भरायचं. काम झालं न्हाई तर ताई परत देणार." मला घाम फुटला होता, ऑफिसात न विचारता असा पैसा घ्यायचा म्हणजे! फरकाच्या अंदाजाला एकानंही पावती फाडली नाही. पोत्यांच्या नोंदीसाठी मात्र मागच्या रांगेतले, तोवर एक शब्द न बोललेले सचिव पुढे आले. त्यांचं कारण आणखी वेगळं. ऑडिटच्या वेळी पशुखाद्याचा साठा आणि उत्पादकांच्या नावे पडलेली पोती यांचा मेळ बसत नाही, आणि ऑडिटचा वर्ग घसरला की सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत उत्तरं सचिवालाच द्यावी लागतात. ते पैसे वेगळे ठेवलेत, काळजी नसावी. पावत्यांची स्थळप्रत आमच्या सीईओच्या टेबलावर आहे. कुणी नवी कल्पना घेऊन आलं की ते विचारतात, याची पावती कुठे आहे?

तुम्ही यासाठी एक रुपया घेतला नाहीत. मानधनाची गोष्ट काढली तर, संस्थेच्या संगणकाचा प्रिंटर अडकतो तेवढा बघून द्या, म्हणालात. प्रिंटर आता नवा आलाय, मला माहीत आहे. तरी सल्ल्याचं मानधन हा विषय मी सोडलेला नाही. यापुढे ज्या सचिवाचा वेळ घेऊ त्याला तो द्यायचा, असं ऑफिसात ठरवून घेतलंय. तुमच्या वाट्याचं संस्थेच्या नावानं पाठवते, म्हणजे तुम्हाला नाकारता येणार नाही.

आता एक नवं काम. 2024 मध्ये गाईच्या दुधाला सरकारनं लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं, तेव्हा जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडी नंबर भरता भरता तुम्ही एक लांबडी वही केली होती. कुठलं जनावर कुणाचं, विकलं कधी, नवं आणलं कधी, सगळं तिच्यात आहे असं तुमचा झाडूवाला पोरगा सांगत होता. ही वही सॉफ्टवेअरमध्ये यावी असं आमच्यात काहींचं म्हणणं आहे. मी अजून ते यादीत घेतलेलं नाही. अनुदान नसताना तुम्ही ती शेवटची कधी उघडलीत, कशासाठी उघडलीत, आणि त्यानंतर किती जनावरांच्या नोंदी शिळ्या झाल्या, हे आधी बघायचंय. पुढच्या बिलाच्या आदल्या दिवशी येते. वही काढून ठेवा, खाडाखोडीची पानं फाडू नका. आणि ती कुणी मागायला येतं का, तेही तोवर लक्षात ठेवा.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
पुण्याची ताई