पुस्तकाच्या परीक्षणाखाली मुखपृष्ठकाराचंही नाव छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी उपयोजित कला शिकवते, पहिल्या वर्षाचा वर्ग माझ्याकडे असतो. कॉलेज सुरू झालं की पहिली असाइनमेंट ठरलेली, ज्याचं काम बघून तुम्हाला ह्या लाइनला यावंसं वाटलं असा कुणी एक चित्रकार नाहीतर डिझायनर निवडा आणि वर्गासमोर दहा मिनिटं त्याच्याबद्दल बोला. यंदाही मुलं छान बोलली. अमेरिकेतला पॉल रँड झाला, सॉल बास झाला, पॉला शेर झाली, एका मुलीने सुझन केअर घेतली होती, १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवरचे ते छोटे छोटे आयकॉन तिने आधी चौकटीच्या वहीत एकेक चौकोन भरून काढले होते हे सांगताना ही पोरगी स्वतःची गणिताची वही घेऊन आली होती आणि त्यात तिने घरातली कढई, झारा, किसणी तशीच चौकोन भरून काढली होती. मला फार आवडलं ते. पण सगळ्यांचं बोलून झाल्यावर फळ्यावरची यादी बघितली तर एकही मराठी नाव नाही, आणि हे काही यंदाचंच नाही, जवळजवळ दरवर्षी असंच होतं म्हणून शेवटी हे पत्र लिहायला बसले.

आधीच सांगते, बाहेरच्या लोकांबद्दल माझी काही तक्रार नाही, मी स्वतः त्यांचं काम बघूनच शिकले. मिल्टन ग्लेझर ह्या अमेरिकन डिझायनरने १९७६ मधे, न्यूयॉर्कचे दिवस अगदी वाईट चालू असताना, टॅक्सीत बसल्या बसल्या एका पाकिटाच्या कागदावर लाल खडूने 'आय लव्ह न्यूयॉर्क'मधला तो प्रसिद्ध बदाम काढला आणि त्या कामाचे पैसेही घेतले नाहीत, ही गोष्ट अठरा वर्षांच्या पोराला सांगितली की त्याचे डोळे चमकतात, चमकायलाच हवेत. प्रश्न पुढे येतो.

ज्या मुलाने ग्लेझरबद्दल सगळ्यात सुंदर भाषण केलं त्याचंच सांगते. पुढची असाइनमेंट होती पावसावर मराठी पोस्टर. त्याने शब्द घेतला 'पाऊस', मोठ्ठा, पानभर, आणि इंग्रजी अक्षरांमधे मोकळी जागा सोडतात तशी सॉफ्टवेअरमधे ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवून सोडली. झालं काय तर वरची शिरोरेषा तीन तुकड्यांत तुटली, पा एकीकडे, ऊ एकीकडे, स एकीकडे, जणू तीन अनोळखी माणसं बसस्टॉपवर लांब लांब उभी आहेत. आणि त्याला ते दिसलंच नाही! मुलगा हुशार आहे, नजर चांगली आहे, पण आजवर जे जे पोस्टर त्याने प्रेमाने बघितलं ते सगळं रोमन लिपीतलं, तिथे शिरोरेषाच नाही तर ती तुटते म्हणजे काय हे त्याला कळणार कसं.

दुसऱ्या दिवशी मी घरून एक जुनं कात्रण नेलं, नाटकाची जाहिरात, अक्षरं कमल शेडगे यांची. त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हा कुठला फॉन्ट?" म्हटलं अरे फॉन्ट नाही, हाताने काढलंय. मग त्याने मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघितला, त्या नावात 'र' दोनदा होता आणि दोन्ही र वेगळे होते, एकाची शेपटी पुढच्या अक्षराला जागा करून देण्यासाठी आत वळवलेली आणि दुसऱ्याची मोकळी सोडलेली. हे त्याने स्वतः शोधून काढलं, मी काही बोलले नव्हते. त्या दिवशी तो जेवायच्या सुट्टीतही उठला नाही. शेडगे २०२० मधे गेले, आपल्या आईवडिलांनी पेपरात नाटकाची जाहिरात बघून तिकीट काढलं त्यात कितीदा त्यांच्या अक्षरांचा हात असेल, अक्षर बघूनच कळायचं की नाटक ऐतिहासिक आहे की फार्स, आणि त्यांचं नाव ह्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकलं.

तीच गोष्ट र. कृ. जोशींची. कॉलेजच्या लॅबमधे मुलं वर्ड उघडून मराठी टाइप करतात तेव्हा समोर बहुतेक वेळा मंगल हा फॉन्ट येतो, विंडोज २००० पासून तो विंडोजसोबत मिळतो, देशभर कोट्यवधी सरकारी पत्रं, निकालपत्रं, अर्ज त्यात निघाले असतील. तो जोशी सरांनी केला. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेला, उल्कासारख्या जाहिरात कंपनीत काम केलेला, कविता लिहिणारा हा माणूस १९८३ पासून पवईला आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, शिकवायला होता, आणि लिपीकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघायला त्याने विद्यार्थ्यांच्या एका सबंध पिढीला शिकवलं. रोज ज्याचं अक्षर वापरतो त्याचं नाव माहीत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि किती जण सांगू. चित्रकार दीनानाथ दलाल १९१६ साली मडगावला जन्मले, मुंबईत केनेडी ब्रिजपाशी स्टुडिओ थाटला, १९४५ ला 'दीपावली' हा अंक सुरू केला आणि १९७१ मधे पंचावन्न पूर्ण व्हायच्या आत गेलेसुद्धा, तेवढ्या वेळात पुस्तकांची आणि अंकांची इतकी कव्हरं करून गेले की रद्दीच्या दुकानात तास काढला तर आजही एखादं सापडतं. चित्रकार रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं त्यांचं पोस्टर हे हाती लागलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय सिनेपोस्टरांत धरलं जातं. त्याच्याही आधी जावजी दादाजींनी १८६९ ला सुरू केलेला निर्णयसागर छापखाना, त्याच्या टाइपासाठी राणोजी रावजी आरू पोलादाच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचे, मग तो कोरलेला ठसा, म्हणजे पंच, तांब्यावर ठोकून साचा आणि साच्यात शिसं ओतून छपाईचा खिळा. वर्गात मुलांना म्हटलं, नखाएवढ्या जागेत 'क्ष' उलटा काढून दाखवा, पेन्सिलीने बरं का, पोलादावर नाही. बहुतेकांनी पहिल्याच गाठीत हात टेकले.

आता तुम्ही म्हणाल, मग मुलं शोधत का नाहीत. शोधतात हो! गुगल करतात, पिंटरेस्टवर बघतात. पण शोधायला आधी नाव लागतं. ग्लेझर टाइप केलं की त्याचं सगळं काम, मुलाखती, कच्ची स्केचेससुद्धा समोर येतात, आणि 'जुनं मराठी पुस्तक कव्हर' टाइप केलं तर चित्रं येतात पण कुणाची ते लिहिलेलंच नसतं. मागे मी एका प्रकाशकांना फोन केला होता, त्यांच्या एका गाजलेल्या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ कुणी केलंय विचारायला, वर्गात दाखवायचं होतं. तिकडून उत्तर आलं की त्याची नोंद नाही आणि आता नवीन कव्हर केलंय. नवीन कव्हर म्हणजे इंटरनेटवरनं घेतलेला धुक्यातल्या झाडाचा फोटो. लेखकाचं नाव आहे, किंमत आहे, आयएसबीएन आहे, मुखपृष्ठ कुणाचं ते ह्याही आवृत्तीत नाही.

म्हणून तुमच्याकडे माझी मागणी आहे आणि ती अगदी छोटी आहे. तुमच्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं येतात, शेवटी लेखक, प्रकाशन, पृष्ठं, मूल्य अशी दोन ओळींची माहिती असते. शेजारी अंगठ्याएवढा पुस्तकाच्या कव्हरचा फोटोही असतो, म्हणजे त्या पानावरची सगळ्यात आधी डोळ्यात भरणारी गोष्ट ज्याने केली त्याचंच काय ते नाव नसतं. त्या दोन ओळींत 'मुखपृष्ठ' एवढा एक शब्द आणि पुढे नाव, बस. दिवाळी अंकांची ओळख देता तेव्हाही तसंच. पुस्तकात नाव नसेल तर प्रकाशकाला विचारा, तुम्ही पेपरवाल्यांनी विचारलं तर ते नोंद ठेवायला लागतील, माझ्यासारख्या बाईच्या फोनने काही ठेवणार नाहीत.

नाव छापून काय होतं ते मी बघितलंय. २०२५ ला अच्युत पालव यांना पद्मश्री जाहीर झाली, सगळ्या पेपरांत त्यांचं नाव आलं, कॅलिग्राफी, मोडी लिपीवरचं काम असं थोडं थोडं लिहून आलं, आणि लगेचच त्या आठवड्यात माझ्याकडे दोघी तिघी आल्या, मॅडम बोरू कुठे मिळतो, कट निब कुठली घ्यायची. त्याआधी सहा महिने मी वर्गात बोरूने लिहून दाखवत होते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं! छापून आलेल्या नावाचं वजन वेगळंच असतं, मोबाईलवर दिवसभर असलेल्या पोरांवरसुद्धा. आत्ता जी मंडळी काम करतायत त्यांनाही हे लागू आहे, मुक्ता, बालू, मोदक हे फुकट मिळणारे देवनागरी फॉन्ट माझी मुलं रोज वापरतात, मोदकची ती गुबगुबीत फुगलेली अक्षरं तर गणपतीच्या प्रत्येक बॅनरवर दिसतात, पण ते मुंबईच्या 'एक टाइप' ह्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेत हे वर्गात कुणाला सांगता आलं नाही.

आणखी एक, जमलं तर. तुमच्या कचेरीत जुने अंक बांधून ठेवलेले असणार, त्यात साठ सत्तर सालातल्या नाटकांच्या, साबणाच्या, चहाच्या जाहिराती असणार. महिन्यातनं एकदा त्यातली एखादी छापा, जशी होती तशी, आणि ज्यांना करणारा ओळखता येतो अशी जुनी जाणती माणसं अजून आहेत तोवर त्यांना नाव कळवायला सांगा, ह्याच पत्रव्यवहाराच्या पानावर.

तो पावसाचं पोस्टर करणारा मुलगा सध्या रोज घरी जाताना रद्दीवाल्याकडे थांबतो, त्याने आणि मी मिळून जुन्या दिवाळी अंकांची चाळीसेक कव्हरं स्कॅन केलीत. त्यातल्या सव्वीसांवर सही वाचता येते, बाकीच्यांची ओळख पटलेली नाही. तुम्हाला चालत असेल तर ती बिनसहीची आधी पाठवते, कदाचित तुमच्या वाचकांपैकी कुणी ओळखेल.

आपली,
एक कलाशिक्षिका, सांगली