धारणीहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

बाबा, रविवारी रेंज गेली म्हणून बोलणं तुटलं, मी फोन आपटला नव्हता. राग मात्र आला होता. माझ्या शाळेतली कोरकू आदिवासी पोरं मराठीमुळे अडतात असं मी सांगत होते, आणि तुम्ही म्हणालात, "त्या पोरांच्या डोक्यातच शिरत नसणार, त्यात भाषेचा काय संबंध?" हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेला गेलं की असलं कानावर पडतंच. पण दर 1 नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून बेळगावात फेरीला जाणाऱ्या माणसाने हे म्हणावं?

तुमच्या प्रत्येक निवेदनात घटनेचं कलम 350 अ असतं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, हे 1956 पासून लिहून ठेवलंय. ते काय फक्त सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी? बेळगावात आपण अल्पसंख्य, इथे मेळघाटात कोरकू. इथे कानडीच्या जागी आपली मराठी आहे, एवढंच.

आणि कानडी आपल्याला निदान शेजारची. कोरकूचं मराठीशी काही नातंच नाही. तिची भावंडं तिकडे झारखंडात, संथाली आणि मुंडारी. पाण्याला दा, जेवणं म्हणजे जोम. व्याकरणात सजीव-निर्जीव असा भेद आहे, पण आपल्यासारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. त्यामुळे पोरं वहीत बिनधास्त लिहितात, "आई बाजारातून आला", "शाळा उघडला". तपासणारा लाल पेनाने गोल करतो आणि 'साधी वाक्यंही येत नाहीत' असा शेरा मारून मोकळा होतो. पोरगं आपल्या भाषेच्या नियमाने बरोबर चाललेलं असतं!

परवाचंच सांगते. तिसरीतली एक मुलगी. मोहफुलांच्या दिवसांत आजीबरोबर बाजारात बसते, व्यापाऱ्याने वजनात मारलं तर हिंदीत भांडते आणि सुट्टे पैसे मोजून घेते. तिला पाठ्यपुस्तकाच्या धर्तीवर गणित घातलं, 'रामूकडे 12 पेरू होते. त्याने 5 पेरू मित्रांना वाटले. किती उरले?' उत्तर आलं 17. चौथीतल्या मुलाला म्हटलं, हिला कोरकूत सांग. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने 7 लिहिलं. 'वाटले' आणि 'उरले' हे दोन शब्द तिच्या ओळखीचे नव्हते, म्हणून दिसले ते दोन आकडे तिने मिळवून टाकले. चाचणीच्या तक्त्यात मात्र ती 'वजाबाकी येत नाही' या रकान्यात जाते.

वाचनाची गंमत याच्या उलट. अक्षरं पक्की करून घेतली की पोरं धडा खाडखाड वाचतात. साहेब खूश. कुणी विचारू नये, की बाळा, यात काय झालं?

2025 च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा तुम्ही मला रोज बातम्या पाठवत होतात. एवढ्याशा जिवावर तिसरी भाषा कशाला, म्हणून महाराष्ट्र पेटला आणि 29 जूनला सरकारने तो मागे घेतला. बरंच झालं. पण माझ्या वर्गातलं पोरगं घरून कोरकू घेऊन येतं, मध्य प्रदेश लागूनच असल्यामुळे बाजारात हिंदी कानावर पडलेली असते, आणि पहिलीत त्याच्यापुढे मराठी आणि इंग्रजी एकदमच येतात. त्याच्या वाट्याच्या भाषा त्या सगळ्या आरडाओरड्यात कुणी मोजल्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, सगळं खापर भाषेवरच फोडतेस. नाही फोडत. दिवाळीनंतर आई-बाप कामाला बाहेर पडतात, पोरं बरोबर जातात आणि थेट होळीला परततात. होळी हा त्यांचा मोठा सण. मधले महिने बुडाले ते बुडाले. उपासमार, आजारपण हेही आहेच. पण मराठी घरातलं पोरगं मागे पडलं तर आपण विचारतो, घरी काय झालं? कोरकू पोरगं मागे पडलं की उत्तर तयार असतं, यांची जातच तशी. माझी चीड त्यावर आहे.

आणि इथल्या आई-बापांना मराठी नको आहे असं मुळीच नाही. सातबारा मराठीत, कोर्टाचा कागद मराठीत. पोराला मराठी आलीच पाहिजे म्हणतात आणि ते बरोबरच आहे. माझं म्हणणं, तिथवर कोरकूतून जाऊ द्या. ओडिशात 2006 पासून संथालीसकट आदिवासी भाषांतून सुरुवातीचे वर्ग चालवतात. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात घरच्या भाषेचा जप आहे, पण वर्गात कोरकू पुस्तक नाही आणि शिक्षकाला कोरकू येत नाही. आले की बदलीचे दिवस मोजायला लागतात.

आई, तू विचारलंस त्याचं उत्तर यात आलंच. यंदा बदलीचा अर्ज भरत नाही. गुडघ्याला तेल लाव आणि कुंद्याचा डबा पाठवच.

बाबा, प्रेसमध्ये एक काम आहे. पोरांच्या आज्यांकडून काही गोष्टी उतरवून घेतल्यात, कोरकूतच, देवनागरीत. खाली मराठी ओळ. सोळा पानं, चित्रं पोरांचीच. अक्षर मोठं हवं, कागद जाड, कारण हात ओले असतात. शंभर प्रतींचा खर्च कळवा. आणि प्रूफ मला दाखवल्याशिवाय छापू नका, नाहीतर तुम्ही सवयीने शुद्धलेखन सुधाराल.

तुमची,
बेबी