रोज एक मिलिमीटर

पुणे,
१० मार्च

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल आई फोनवर सांगत होती, बाबांनी हाताचे व्यायाम सोडलेत, पाहुणे आले की हात उपरण्याखाली घेतात. फोनवर बाबा ‘बरं बरं’ करून आईकडे देतात, म्हणून पत्र लिहितेय.

बाबा, घड कापताना कोयता मनगटाच्या चार बोटं वर बसला आणि पहिल्या दवाखान्यात नुसती कातडी शिवली. करंगळीला स्पर्श कळतोय का, एवढंही कुणी विचारलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. स्पर्श कळवणारी नस तुटलीय हे दोन महिन्यांनी कळलं, तोवर तिची टोकं आखडून लांब गेली होती. ओढून शिवली असती तर ताणानं वाढच खुंटली असती. म्हणून पोटरीची नस काढून मधे जोड दिला. तुमच्या पावलाची बाहेरची कड बधिर आहे ती त्यामुळेच.

पण हात मेलेला नाही. तुटलेल्या जागेच्या खालचे नसेतले जुने तंतू झडतात आणि वरून नवे फुटतात. तंतू झडतात हे ऑगस्टस वॉलर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसेवर दाखवलं होतं. नवा तंतू रोज साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतो, महिन्याला जेमतेम एक इंच. ऑपरेशनला चार महिने झाले. सुरुवातीचे काही आठवडे जोड ओलांडण्यात गेले असतील, तरी तो आता मनगट ओलांडून तळहाताच्या कडेला आला असावा. करंगळीच्या टोकाला अजून बरेच महिने लागतील. तोवर स्नायू वाळू नयेत आणि बोटं आखडू नयेत, म्हणून तर व्यायाम. स्नायूपर्यंत तंतू पोचायला वर्ष-दीड वर्षापेक्षा उशीर झाला, तर स्नायू त्याला नीट धरत नाही.

आई, परसातला गिलक्याचा वेल आठव. सुतळी बांधली की सरळ चढतो, नाही बांधली तर तिथल्या तिथं गुंता करतो. नसेचंही तसंच. मी इथं प्रयोगशाळेत तीच सुतळी वळते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचं प्लास्टिक, शरीरात हळूहळू विरघळून जाणारं. सुईच्या टोकाला हजारो व्होल्टचा दाब दिला की त्याचा केसाहून बारीक धागा सुटतो. फिरत्या ढोलावर तो गुंडाळला की सगळे धागे एका दिशेनं बसतात. मग त्याची नळी करायची, नसेची दोन टोकं तिच्यात दोन्हीकडून बसवायची.

नळीच्या आत लावायचं प्रथिन आम्ही जिवाणूंकडून तयार करून घेतो. आपल्या कातडीला लवचिकपणा देणाऱ्या इलॅस्टिनसारखं, पण मधे तीन अमिनो आम्लांची एक छोटी कडी मुद्दाम घातलेली. पेशी तिला पकडून पुढे सरकतात. बर्फातली कुपी पाण्यासारखी स्वच्छ असते. हातात धरली की मिनिटभरात दुधासारखी पांढरी होते, परत बर्फात ठेवली की पुन्हा स्वच्छ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुम्हाला दाखवावंसं फार वाटलं.

आमची नळी अजून उंदरांवरच्या चाचण्यांपुढे गेलेली नाही, तुमच्या हाताला तिचा उपयोग नाही. कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या नळ्या माणसांत वापरतात, पण लहान अंतराला, फार तर तीन सेंटिमीटरपर्यंत. मोठ्या अंतराला आजही बहुतेक वेळा पायाचीच नस काढावी लागते. पुढच्या माणसाच्या पायातली नस काढावी लागू नये, एवढ्यासाठी मी रात्री उशिरापर्यंत थांबते. आई, त्यावरून रागावू नकोस.

आता तुमच्याकडे काम. आई, रोज सकाळी बाबांच्या करंगळीपासून मनगटाच्या दिशेनं बोटानं हलकेच टिचक्या मारत जा. जिथं पहिल्यांदा करंगळीत झिणझिण्या येतील, तिथं पेनानं खूण कर आणि तारीख वहीत लिही. खूण करंगळीकडे सरकली की तंतू पुढे सरकला. आणि बाबा, भरताची वांगी भाजताना त्या हातानं निखारे सारू नका, चटका बसलेला कळणार नाही.

आखाजीला येतेय. वही तयार ठेवा.

तुमची,
ताई