हाताने टायर वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आठ महिने झाले. त्या दिवशी तुम्ही निघालात तेव्हा मी दारातच आभार मानायला लागले, तर "टायर तर बघितले, त्यात काय" म्हणत तुम्ही गाडीत बसलातसुद्धा. तुमची-माझी ओळख एका मैत्रिणीमुळे झालेली, तीही जेमतेम. तरी तुम्ही सुट्टीचा अख्खा दिवस माझ्या गाडीपाशी उकिडवं बसून घालवलात आणि पुढचे दोन आठवडे माझ्या प्रश्नांना उत्तरं देत राहिलात. ते ऋण दारातल्या दोन शब्दांत फिटणारं नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुम्ही मला जे सांगितलंत ते गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

तुमची मदत मी का मागितली होती ते तेव्हा नीट सांगितलं नव्हतं. बाबा शेजारच्या सीटवर होते. पाऊस नुकताच सुरू झाला होता, पुढची गाडी अचानक थांबली आणि मी ब्रेकवर पूर्ण पाय दिला. पायाखाली एबीएसची, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर जाणवत होती, पण गाडी हवी तशी थांबेना. अगदी थोड्या अंतरावरून आम्ही वाचलो. बाबा काही बोलले नाहीत, फक्त त्यांचा हात डॅशबोर्डवर तसाच राहिला. त्या रात्रीच मी टायर बदलायचे ठरवले. मला गाडी चालवायला मनापासून आवडते, तेव्हा घ्यायचे तर परफॉर्मन्स टायरच, म्हणजे जास्त पकडीचे, चपळ टायर घ्यायचे, हेही ठरलं.

तुमच्यापुढे ठेवलेली माझी यादी तुम्हाला आठवत असेल. सगळ्यात वर ट्रेडवेअर (टायर किती टिकेल त्याचा आकडा) २०० चा, जवळजवळ रेसिंगचा म्हणावा असा टायर. त्याच्यासोबत १८ इंची रिम, कारण कुणीतरी सांगितलं होतं की १६ इंचांवर "खरी ग्रिप" मिळतच नाही. तुम्ही यादी घडी करून बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "आधी जुने काय सांगतायत ते ऐकू."

मग तुम्ही पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवलात, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. माझाही हात धरून तसाच फिरवायला लावलात. एका दिशेने रबर गुळगुळीत लागत होतं, उलट दिशेने नक्षीच्या कडा करवतीसारख्या बोचत होत्या. अलाइनमेंटमधला टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय, चाक सरळ न गरंगळता किंचित घासत चाललंय, हे तुम्ही कुठलंही मशीन न लावता सांगितलंत. मग साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे दाखवलेत. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माझे टायर सात वर्षांचे होते. मी म्हटलं, खाचा तर अजून ३ मिलिमीटर आहेत, टायर बदलायची १.६ ची खूण लांब आहे. त्यावर तुम्ही पिशवीतून कडकपणा मोजायचं ते छोटं यंत्र काढून रबरावर टेकवलंत आणि सोबत आणलेल्या नव्या टायरच्या तुकड्यावरही टेकवलंत. दोन्ही आकडे मी बघितले, जुनं रबर कितीतरी कडक झालं होतं. बाबांचा डॅशबोर्डवरचा हात मला तेव्हा पुन्हा दिसला.

मऊ टायर म्हणजे चांगला टायर, असा सोपा निष्कर्ष मात्र तुम्ही काढू दिला नाहीत. इतकी वर्षं रबरात काम केलेल्या माणसाकडूनच पुढचं ऐकायला मिळतं. तुम्ही सांगितलंत की माझ्या मापाच्या टायरचा घेर जवळपास २ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला १४ वेळा फिरतो आणि रबराचा प्रत्येक भाग सेकंदाला १४ वेळा दबून परत फुगतो. या दबण्यात जितकी ऊर्जा वाया जाते तितकं इंधन जास्त लागतं. पण ब्रेक लावल्यावर तेच रबर रस्त्याच्या बारीक खरखरीवरून सरकतं, तेव्हा त्याला सेकंदाला हजारो-लाखो हिसके बसतात आणि तिथे मात्र ऊर्जा जितकी जास्त जिरेल तितकी पकड जास्त. म्हणजे एकाच रबराने सावकाश दबताना कंजूष असायचं आणि झपाट्याने हिसके बसताना उधळं. नुसत्या काजळीने, म्हणजे कार्बन ब्लॅकने, हे साधणं कठीण जातं. सिलिका, म्हणजे वाळूत असते त्या पदार्थाची बारीक पूड, आल्यावर ते जमायला लागलं. १९९२ मध्ये मिशेलिनने सिलिकाचा टायर बाजारात आणला, तेव्हापासून ओल्या रस्त्यावरची पकड आणि कमी इंधन या दोन गोष्टींचं भांडण बरंच मिटलं, हे सांगताना तुमचा चेहरा उजळला होता. पकड, झीज आणि इंधन या तिघांना तुमच्या क्षेत्रात जादूचा त्रिकोण म्हणतात हेही तेव्हाच कळलं. एक कोपरा ओढला की दुसरा आत जातो. कुठला कोपरा ओढायचा ते गाडी चालवणाऱ्याने ठरवायचं.

आणि ते ठरवण्यासाठी तुम्ही मला आठवडाभर वही ठेवायला लावलीत. रोज किती किलोमीटर, रस्ता कोरडा की ओला, सकाळचं तापमान, जास्तीत जास्त वेग, गाडीत कोण. सात दिवसांनी मी वही वाचली आणि माझी यादी माझी मलाच परकी वाटली. बहुतेक फेऱ्या १०-१२ किलोमीटरच्या. सकाळचा रस्ता गार, कधी ओला. आठवड्यातून एकदाच डोंगरातला वळणांचा रस्ता, तोच माझा खरा आनंद. रेसिंगच्या सर्किटवर शून्य. ट्रेडवेअर २०० चं ते रबर तापल्यावर चिकटतं, गार असताना रुसतं आणि त्याच्या उथळ खाचांना साचलेलं पाणी बाहेर टाकायला वेळ लागतो. मी ज्या रस्त्यावर घाबरले होते, नेमक्या तिथेच ते मला कमी पडलं असतं.

ट्रेडवेअरच्या आकड्याबद्दलही तुम्ही जपून बोललात. १०० म्हणजे संदर्भाचा टायर, ३०० म्हणजे चाचणीत त्याच्या तिप्पट टिकला, पण हा आकडा कंपनी स्वतःच देते. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करा, दोन कंपन्यांत नको. युरोपातल्या लेबलवर २०२१ पासून ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ए ते ई अशी अक्षरं असतात. ती जास्त कामाची, मात्र तीही नव्याकोऱ्या टायरची. वळणावर तो कसा वागेल किंवा साचलेल्या पाण्यावर कधी तरंगेल, हे त्यात नसतं.

मग तुम्ही वहीच्याच मागच्या पानावर एक गणित मांडलंत. ते पान मी फाडून गाडीत ठेवलंय. वेग ताशी ८०. घर्षण गुणांक, म्हणजे रस्त्यावरच्या पकडीचा आकडा, ०.७ असेल तर ब्रेक धरल्यापासून गाडी ३६ मीटरवर थांबते, ०.६ असेल तर ४२. सहा मीटर, म्हणजे गाडीच्या लांबीहून थोडं जास्त, असं मी म्हणाले. तुम्ही पेन्सिल खाली ठेवली नाहीत. "पहिली गाडी थांबली त्या जागी दुसरीचा वेग किती असेल?" मी म्हटलं, पाच, फार तर दहा. तुम्ही खाली लिहिलंत: ३०. ताशी ३० किलोमीटर! मी ते गणित घरी दोनदा करून बघितलं, उत्तर तेच आलं. टायर विकत घेताना आपण नेमकं काय विकत घेतो, हे त्या आकड्याइतकं स्पष्ट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

१८ इंची रिमचा हट्टही असाच उतरला. माझं मूळ माप २०५/५५ आर १६. २०५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे रुंदीच्या ५५ टक्के उंची, म्हणून साइडवॉल सुमारे ११३ मिलिमीटर. २२५/४० आर १८ घातला तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण साइडवॉल उरते ९०. ती २३ मिलिमीटर रबराची गादी गेली की खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो आणि आतले धागे तुटून साइडवॉलला फुगा येतो. वर मोठी रिम बहुधा जडही असते आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे गाडीला सगळ्यात जास्त नकोसं. दिसण्यासाठी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण पकडीसाठी म्हणून घेऊ नका, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मी १६ वरच राहिले आणि वाचलेला सगळा खर्च रबरावर केला.

कुठली कंपनी, हे मी किती वेळा विचारलं! तुम्ही एकदाही नाव घेतलं नाहीत. फक्त घराणी ओळखायला शिकवलीत. जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीचं एक शांत, आरामाचं घराणं असतं आणि एक चपळ. मिशेलिनचं प्रायमसी आणि पायलट स्पोर्ट, काँटिनेंटलचं प्रीमियमकाँटॅक्ट आणि स्पोर्टकाँटॅक्ट. माझ्यासाठी तुमच्या अटी अशा: चपळ घराण्यातला, पण रस्त्यासाठीच बनवलेला, ओल्या पकडीला वरचं अक्षर, भार आणि वेगाचा शेरा ९१ व्ही किंवा त्याहून वर, खाली मुळीच नाही. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, व्ही म्हणजे २४० चा वेग. "तुम्ही २४० ने जाणार नाही, पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसेल हे सांगतं," हे तुमचं वाक्य मी तेव्हापासून बऱ्याच जणांना ऐकवलंय. या चाळणीतून तीन टायर उरले. तिघांतला ज्याचा मालही ताजा होता, तो घेतला.

मला पुढचे दोनच बदलायचे होते, कारण झीज पुढे जास्त होती. त्या दिवशी तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. चारही टायर सात वर्षांचे, त्यामुळे चारही जाणार. आणि पुढे कधी दोनच घेण्याची वेळ आली तर नवे मागे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ पुढे जाऊ बघते, वेग कमी केला की सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य माणसाच्या हाती काही उरत नाही. हे मला इतकी वर्षं उलटंच माहीत होतं.

टायर बसवताना तुम्ही सोबत आलात, ते किती बरं झालं. नक्षी असममित होती, साइडवॉलवर "आउटसाइड" लिहिलेली बाजू बाहेर हवी. एक टायर उलटा चढवला गेला होता. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तुम्ही शांतपणे बोट ठेवलंत, तो उतरवून परत चढवला. नट आधी हाताने, मग टॉर्क रेंचने, तेही चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एकानंतर त्याच्या समोरचा. मग अलाइनमेंट. हवा भरताना मी सवयीने टायरवरचा आकडा वाचायला वाकले, तेव्हा तुम्ही दाराच्या खांबावरचा स्टिकर दाखवलात. टायरवर लिहिलेली ती कमाल मर्यादा. गाडीला लागणारा दाब दारावर असतो आणि तो गार टायरवर मोजायचा.

नव्या टायरवर साच्याचा तेलकट थर असतो म्हणून पहिले ३०० किलोमीटर मी जपून चालवले. नंतर डोंगराच्या रस्त्यावर गेले. काय सांगू ताई! स्टिअरिंग वळवलं की पुढचं चाक तत्काळ ऐकतं, आधी साइडवॉल वाकायची वाट बघावी लागत नाही. रस्त्यावरचे सांधे थोडे जास्त जाणवतात, आवाज किंचित वाढलाय, इंधनही जरासं जास्त लागतं. तुम्ही हे तिन्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून एकाचाही त्रास झाला नाही. गेल्या महिन्यात भर पावसात पुढे पुन्हा एकदा गाडी अचानक थांबली. मी थांबले. मधे इतकी जागा उरली होती की बाबांच्या लक्षातही आलं नाही, ते बोलत होते तसेच बोलत राहिले. मी मात्र पुढचा सिग्नल येईपर्यंत त्यांचं एक अक्षर ऐकलं नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे वही चालू आहे. ९,००० किलोमीटरनंतर पुढच्या डाव्या टायरच्या खाचांची खोली: आत ६.६, मध्ये ६.७, बाहेर ६.६ मिलिमीटर. तळहात दोन्ही दिशांनी फिरवून बघितला, कुठेच बोचत नाही. बाबाही आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, चारही चाकांची हवा स्वतः बघतात.

तुमचा खाचांची खोली मोजायचा गेज माझ्याकडेच राहिलाय. पुढच्या आठवड्यात टायर पुढचे मागे करून घेणार आहे, तेव्हाची मापं लिहून घेतली की तो घेऊन तुमच्याकडे येते. वहीही आणते.

तुमची ऋणी,
सात वर्षांच्या टायरवाली