शोकाची दहा मिनिटे ड्युटीत धरा

संपादक महोदय,

कर्करोग विभागातल्या परिचारिकांच्या ताणाचा विषय निघाला की एखादे व्याख्यान ठेवले जाते किंवा ध्यानवर्ग भरवला जातो, तोही ड्युटी संपल्यावर. रात्रपाळी उरकून आलेली सिस्टर तिथे बसल्या बसल्या पेंगते आणि उपक्रम झाल्याची नोंद होते. हेतू चांगला असतो, पण दुखणे वेगळ्या जागी आहे.

केमोथेरपीची सहा आवर्तने दर 21 दिवसांनी धरली तरी चार महिने जातात; आजार उलटला तर वर्षे. तेवढ्यात रुग्णाची कोणती शीर हाताला लागते, मळमळ कितव्या दिवशी सुरू होते, मुलीची परीक्षा कधी आहे, हे सारे सिस्टरला पाठ होते. तो रुग्ण गेला की खाट पुसून, चादर बदलून तिथे नवा रुग्ण येतो आणि त्याच्याशी तिला हसून बोलावे लागते. घरचे रडू शकतात. तिचा शोक मात्र कुणी मोजतच नाही. अशा मान्यता नसलेल्या शोकाची मांडणी शोकाचे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्येच केली आहे.

साचलेला शोक अश्रूंतून क्वचितच दिसतो. बोलणे तुटक होते, रुग्णाच्या नावाऐवजी खाटेचा नंबर तोंडी येतो. काहींचे उलट होते: सुट्टीतही वॉर्डात फोन करून विचारपूस चालू राहते. याची झळ उपचारालाही लागते. डॉक्सोरुबिसिनसारखे केमोथेरपीचे औषध शिरेबाहेर झिरपले तर तिथली त्वचा आणि खालचा भाग मरू शकतो. म्हणून औषध देताना शिरेतून रक्त परत येते का हे बघायचे, ‘जळजळतंय का?’ हे पुन्हा पुन्हा विचारायचे. मन बधिर झाले की आधी सुटतो तो हा प्रश्न.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पुरते थकून जाण्याला, आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले. मग उपायही कामाच्या वेळेतच हवा.

मृत्यूनंतर खाटेपाशी एक मिनिट सर्वांनी शांत उभे राहावे. जोनाथन बार्टेल्स या अमेरिकी परिचारकाने रूढ केलेली ही पद्धत आहे आणि तिला खर्च काहीच नाही. त्यानंतर त्याच पाळीत, ओव्हर देण्याआधी (म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवण्याआधी), दहा मिनिटे चार-पाच जणींनी बसावे. काय जड गेले, काय नीट जमले, आज कुणाला सोबत हवी आहे, एवढेच बोलावे.

या बैठका मोडतात त्याची कारणे ठरलेली आहेत. ‘डॉक्टरांना किती वाजता कळवलंत?’ हा पहिला प्रश्न आला की बैठकीची चौकशी होते आणि पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. चुकांचा आढावा वेगळ्या दिवशी घ्यावा. इथले काही लिहून ठेवू नये, आणि बैठक शक्यतो इन्चार्जने चालवू नये. दुसरे कारण त्याहून साधे: शिरेतून औषध देणारा पंप वाजतो आणि सगळ्या उठतात. त्या दहा मिनिटांत खाटा कुणाकडे, ते नाव ड्युटी चार्टवर आधीच लिहिलेले हवे.

रिकाम्या झालेल्या खाटेवरचा नवा रुग्ण त्या पाळीत दुसऱ्या सिस्टरकडे द्यावा. अखेरच्या अवस्थेतले दोन रुग्ण एकाच सिस्टरकडे नसावेत, नव्याने रुजू झालेलीकडे तर नाहीच. मात्र परस्पर बदल करू नये. शेवटपर्यंत त्या रुग्णापाशी राहायचे आहे असे कित्येकींना मनापासून वाटते. तिथून हलवणे हा त्यांना दुसरा घाव ठरतो. म्हणून आधी त्या सिस्टरला विचारावे.

‘मन गुंतवू नका’ हा सल्ला आता तरी थांबवावा, असे आम्हाला कळकळीने वाटते. न गुंतता धरलेला हात रुग्णाला लगेच ओळखू येतो. रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनी पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट करताना प्रत्येक पाळीत एक बदली सिस्टर धरावी, ही विनंती.

– कर्करोग विभागातील काही परिचारिका