बाबा, पावडर बंद करा आणि रात्रीची गोळी चालू करा

टॅम्पेरे, फिनलंड
गौरीपूजनाचा दिवस

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, तब्येत ठणठणीत आहे आणि आई, डबा रोज घरचाच असतो, तेव्हा ती चिंता नको. रविवारी फोनवर माझा बाबांवर आवाज चढला, त्याचं तेव्हापासून वाईट वाटतंय, आणि फोनवर मला धड सांगताही येत नाही म्हणून सरळ लिहायला बसलेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगा.

बाबा, चूक माझी आहे. जुलैमध्ये मी ग्रुपवर बादलीभर निळ्या फळांचा फोटो टाकला, खाली 'इथलं सुपरफूड' असं लिहिलं, आणि तुम्ही लेकीच्या शब्दावर विश्वास ठेवून ओळखीच्या गृहस्थांकडून ती 'युरोपियन ब्लूबेरी'ची पावडर घेतलीत, दोन डबे, 4,600 रुपये, आणि वर रात्रीची मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, सोडलीत. उपाशीपोटीची शुगर 138 वरून 196 वर गेली हे दादाने सांगितलं तेव्हा मला ऑफिसात बसवेना.

त्या फोटोमागचं सगळं तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, ते आता सांगते. इथे जंगल कुणाच्याही मालकीचं असो, त्यात जाऊन रानफळं तोडायचा हक्क सगळ्यांना आहे, अगदी मलासुद्धा, परवानगी नाही, पावती नाही, काही नाही. फक्त कुणाच्या अंगणात शिरायचं नाही आणि शेतात लावलेलं तोडायचं नाही. तोडलेली फळं विकली तरी त्यावर टॅक्स नाही. आई, तुला खोटं वाटेल, आपल्याकडे बांधावरच्या आंब्यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत आणि इथे मालकाच्या डोळ्यांसमोर लोक बादल्या भरून नेतात. त्यासाठी हातात धरायची एक पेटी असते, सुपलीसारखी, पुढे फणीसारखे दात, ती गुडघ्याएवढ्या झुडपातून खालून वर ओढायची, फळं आत आणि पानं बरीचशी बाहेर. मग घरी येऊन तिरप्या जाळीवरून फळं घरंगळत सोडायची, पाला मागे राहतो, तू तांदूळ पाखडतेस तसंच. आणि एक गंमत, कुठे सापडली हे कुणाला विचारायचं नसतं. हवामान विचारा, पगार विचारा, पण फळांची जागा नाही, ती सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत.

आणि नाही, मी एकटी गेले नव्हते. शेजारच्या आजी होत्या बरोबर, 74 वर्षांच्या, माझ्यापेक्षा भरभर चालतात. गमबूट होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट होता, गोचिडीमुळे जो मेंदूज्वर होतो त्याची लस घेतलीय. अस्वलं देशात आहेत पण माणसाची चाहूल लागली की तीच लांब जातात. उगाच त्या अस्वलावरून रात्र जागवू नकोस.

फोटोतल्या त्या निळ्या रानफळाला इथे मुस्तिक्का म्हणतात. दुकानात मिळते ती मोठी ब्लूबेरी वेगळी, ती इथेही पेरू नाहीतर स्पेनमधून येते. आजींनी दोन्ही नखाने फोडून दाखवली, दुकानातली आतून पांढरट हिरवी आणि रानातली आतपर्यंत गडद लाल-जांभळी. मला एकदम पसरणी घाट आठवला, पानाच्या द्रोणातली करवंदं आणि आपलं कोंबडा की कोंबडी. मी आजींना म्हटलं, ही कोंबडी आणि हा कोंबडा, आणि मग इंग्रजीतून समजावताना डोळ्यांत पाणीच आलं.

तो आतला रंग म्हणजे अँथोसायनिन, त्यावरच सगळी जाहिरात उभी आहे. रानातल्या फळात तो जास्त असतो हे खरं, पण बाबा, आपल्या जांभळातही तोच प्रकार आहे, जीभ उगाच रंगत नाही. डब्यावर अँटिऑक्सिडंटचा मोठा आकडा छापलाय ना, तो प्रयोगशाळेत काचेच्या नळीत केलेल्या प्रयोगाचा असतो. अमेरिकेच्या शेतीखात्याने असल्या आकड्यांची यादी ठेवली होती आणि 2012 मध्ये स्वतःच काढून टाकली, कारण कंपन्या ती जाहिरातीला वापरायला लागल्या आणि नळीत होतं ते शरीरात होतं याचा पुरावा नव्हता. इथे युरोपात तर 2007 पासून पुरावा मंजूर झाल्याशिवाय पाकिटावर नुसतं 'सुपरफूड' लिहून विकता येत नाही. तुमच्या डब्यावर सगळ्याच रोगांची नावं आहेत.

शुगरचंच बोलायचं तर इंग्लंडात 115 जणांवर सहा महिने अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला. वजन जास्त आणि शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल अशा गोष्टींत बिघाड असलेली पन्नाशी ओलांडलेली माणसं होती. ज्यांना रोज 150 ग्रॅम ब्लूबेरी होईल एवढी पावडर दिली त्यांच्या रक्तवाहिन्या थोड्या सुधारल्या, ते चांगलंच आहे, पण इन्शुलिनच्या कामात फरक पडला नाही. आणि त्याला ब्लूबेरी पिकवणाऱ्यांच्या संघटनेचाही पैसा होता, म्हणजे चांगलं दिसावं असं वाटणारेच होते ते. मग तुमच्या दोन चमच्यांनी गोळीचं काम कसं होणार?

या फळाने 'नजर सुधारते' म्हणतात, ते दुसऱ्या महायुद्धातल्या विमानचालकांच्या गोष्टीवरून चालत आलंय, जॅम खाऊन त्यांना रात्री दिसायचं म्हणे. 2004 मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा चांगल्या अभ्यासांत तसं काही दिसलं नाही. तुम्ही वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या, त्याने नजर राहते. या वर्षीचा राहिलाय.

आणि अण्णाकाकांना आजच सांगा, त्यांना वाळवलेली लाल गोजी बेरी कुणीतरी दिलीय असं दादा म्हणाला. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर ते रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी घेतात, त्याच्याबरोबर गोजीने रक्त जास्तच पातळ झाल्याच्या केसेस आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दाणाही नको.

फळं वाईट आहेत असं मी म्हणतच नाहीये. इथले लोक त्यांना औषध मानत नाहीत, फ्रीजरमध्ये डबे भरून ठेवतात आणि वर्षभर सकाळच्या ओटच्या पेजेवर मूठभर टाकतात, बस. तुम्हीही फळ म्हणून खा, पण आपली खा. हैदराबादच्या पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम आवळ्यात अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास सी जीवनसत्त्व दिलंय आणि ब्लूबेरीत जेमतेम दहा असतं. साखरेतला मोरावळा नव्हे हं आई, नुसता आवळा.

आता पैशांचं. बुधवारी 40,000 टाकलेत. त्यातले गच्चीच्या गळतीला लागतील तेवढे घ्या आणि बाबांची तीन महिन्यांची शुगरची टेस्ट आणि डोळे याच आठवड्यात करा. पावडरचे पैसे गेले ते गेले, त्यावरून बाबांना कुणी बोलायचं नाही, मीही नाही. दादाच्या मुलीची फी मी भरणार म्हटलं होतं ती ऑक्टोबरमध्ये नक्की, या महिन्यात घरभाडं वाढलं म्हणून राहिलं.

पुण्याच्या स्थळाचा फोटो बघितला, माहितीही वाचली. मी नाही म्हणत नाहीये आई, माणसं चांगली वाटतायत, पण व्हिडिओ कॉलवर एकदाच बोलून ठरवणं मला जमणार नाही. डिसेंबरमध्ये येते तेव्हा भेटू असं कळव. सुट्टी अजून मंजूर नाहीये, होईल. गौरी जेवायला सगळे घरात आणि मी नाही असं हे तिसरं वर्ष. इथे मी दोन जणींना बोलवून उकडीचे मोदक केले, चांगले झाले, पाकळ्या जरा कमी पडल्या.

बाबा, गोळी घेतली की ग्रुपवर नुसता अंगठा टाकत जा. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथले सात, मी तेव्हा ट्राममध्ये असते, फोन हातातच असतो.

तुमची,
सोनू