वाय-फायचा पासवर्ड बदलून राउटर सुरक्षित होत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सायबर फसवणुकीच्या बातमीखाली एक सल्ला ठरलेला असतो : वाय-फायचा पासवर्ड अवघड ठेवा. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. त्या पासवर्डमुळे शेजाऱ्याला तुमचे नेट फुकट वापरता येत नाही, एवढेच. राउटरच्या आत चालणारे मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, जुने आणि सदोष असेल, तर हल्लेखोराला तुमच्या वाय-फायच्या टप्प्यात यावेच लागत नाही. आपल्या इंदुरात सियागंजच्या पेढ्यांत, करसल्लागारांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसांत, लोकमान्य नगरापासून सुदामा नगरापर्यंतच्या घरांत भिंतीला लटकलेल्या डब्यांपैकी बरेचसे, बसवल्यापासून एकदाही अपडेट झालेले नसतात. म्हणून हे पत्र.

राउटर हा छोटा संगणकच. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते आणि बहुतेक वेळा लिनक्स ही संगणक-प्रणाली चालते. चिप बनवणारी कंपनी सॉफ्टवेअरचा तयार संच देते, राउटर कंपनी त्यावर स्वतःचे सेटिंगचे पान चढवते आणि अनेकदा नेट पुरवणारी कंपनी त्यात आणखी फेरफार करते. मुळात चूक सापडली तर दुरुस्ती या तिघांच्या हातांतून खाली यावी लागते, आणि मध्येच कुठेतरी अडकते. रॉमपेजर नावाचा छोटा वेब सर्व्हर कित्येक कंपन्यांच्या राउटरमध्ये होता. त्यातली एक गंभीर चूक मूळ कंपनीने २००५ मध्येच दुरुस्त केली होती. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ती जगजाहीर केली, तेव्हा किमान १ कोटी २० लाख उपकरणांत जुनीच आवृत्ती चालू होती. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये १२७ घरगुती राउटरचे फर्मवेअर तपासले. निर्दोष एकही निघाले नाही, आणि ४६ राउटरना आदल्या वर्षभरात एकही सुरक्षा अपडेट मिळाले नव्हते.

या चुका असतात तरी कशा? राउटरच्या पानावर ‘पिंग’ करून, म्हणजे एखाद्या पत्त्याकडून प्रतिसाद येतो का ते, पाहण्याची चौकट असते. तिच्यात लिहिलेला पत्ता राउटर आतल्या लिनक्सला आज्ञेचा भाग म्हणून देतो. मजकूर न तपासता पुढे ढकलला, तर पत्त्यानंतर अर्धविराम देऊन दुसरी आज्ञा जोडता येते, आणि ती राउटरच्या सर्वोच्च अधिकाराने चालते. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ या राउटरमध्ये याच जातीची चूक देश निवडण्याच्या रकान्यात होती. तिथे तर पासवर्डही लागत नव्हता. दुरुस्ती मार्च २०२३ मध्ये आली. एप्रिलमध्ये मिराई जातीच्या विषाणूने अपडेट न केलेले राउटर ताब्यात घ्यायला सुरुवात केली. दुरुस्ती जाहीर झाली की चूकही जाहीर होते. ‘सवडीने करू’ म्हणणाऱ्याचा धोका त्या दिवसापासून वाढतो, कमी होत नाही.

राउटर ताब्यात गेला म्हणून नेट बंद पडत नाही. ते चालू राहण्यातच हल्लेखोराचा फायदा असतो. तो डीएनएसचे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणाऱ्या सेवेचे, पत्ते बदलतो; मग बँकेचे नाव टाइप केले तरी संगणक भलत्याच सर्व्हरकडे जातो. अशा वेळी ब्राउझर ‘या साइटचे प्रमाणपत्र खरे नाही’ असा इशारा देतो आणि आपण सवयीने ‘पुढे चला’ दाबतो. ते दाबू नये. किंवा तो तुमची लाइन दुसऱ्याला भाड्याने देतो. मे २०२५ मध्ये एफबीआयने अपडेट बंद झालेल्या जुन्या राउटरबद्दल हाच इशारा दिला होता : असे राउटर काबीज करून त्यांतून गुन्हेगारांची वाहतूक फिरवली जाते. मग चौकशीत आयपी पत्ता (नेटवरचा ओळख-क्रमांक) तुमचा निघतो.

इथे एक फरक सहसा सांगितला जात नाही. घरगुती फायबरचे बहुतेक ग्राहक कंपनीच्या सामायिक आयपीमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता) असतात. बाहेरून थेट त्यांच्या राउटरपर्यंत येणे अवघड असते. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) घरून बघायचा किंवा टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर बाहेरून उघडायचे म्हणून व्यापारी आणि ऑफिसवाले जादा पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे स्वतःचा न बदलणारा, आयपी घेतात. ते मात्र सताड उघड्यावर असतात. अशा पत्त्यांवर उघडे पोर्ट (बाहेरून आत येण्याची दारे) शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात; दुकान लहान म्हणून कोणी सोडत नाही. त्यातच बसवणारा तंत्रज्ञ ‘नंतर दुरुस्तीला सोपे जाईल’ म्हणून रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय) चालू ठेवतो. मिक्रोटिकच्या राउटरमध्ये विनबॉक्स या सेटिंगच्या प्रोग्रामशी जोडलेली चूक निघाली, तिची दुरुस्ती एप्रिल २०१८ मध्येच आली होती. तरी त्याच वर्षी अपडेट न केलेले लाखो राउटर आभासी चलन गुपचूप कमावणाऱ्या (मायनिंगच्या) स्क्रिप्टसाठी वापरले गेले. सामायिक आयपीवाल्यांनीही निर्धास्त होऊ नये. तुम्ही उघडलेले एखादे दुष्ट वेबपान तुमच्याच ब्राउझरकरवी १९२.१६८.१.१ या राउटरच्या आतल्या पत्त्याला आज्ञा पाठवू शकते. तिथे ‘अ‍ॅडमिन’, ‘अ‍ॅडमिन’ हे कारखान्यातले युजरनेम-पासवर्ड अजून चालत असतील तर काम झालेच. शिवाय आयपीव्ही६ (प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता देणारी नवी पद्धत) चालू असेल तर सामायिक आयपीची आडही उरत नाही. सगळी भिस्त राउटरच्या फायरवॉलवर, म्हणजे बाहेरची नको ती वाहतूक अडवणाऱ्या भागावर.

आता प्रत्यक्ष काम. राउटर उलटा करून स्टिकर बघा. मॉडेलच्या नावापुढे व्ही१, व्ही४ असे काही असते, ती हार्डवेअर आवृत्ती. हे अक्षर-आकडे फार महत्त्वाचे, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत चिप वेगवेगळी असू शकते आणि चुकीची फाइल चढवली तर राउटर सुरूच होत नाही. संगणक वायफायने न जोडता लॅन केबलने जोडा, सेटिंगचे पान उघडा, ‘स्टेटस’मध्ये फर्मवेअरची तारीख वाचा. मग निर्मात्याच्या भारतीय वेबसाइटवर तेच मॉडेल, तीच आवृत्ती काढा. नवी फाइल असेल तर उतरवून अनझिप करा. चढवायची ती आतली फाइल, झिप नव्हे. पीपीपीओईचे (नेट कंपनीच्या जोडणीचे) युजरनेम-पासवर्ड आणि कंपनीने दिलेला व्हीलॅन क्रमांक आधी कागदावर उतरवा. हे विसरलात तर अपडेट यशस्वी आणि नेट बंद, अशी गत होते. अपडेट चालू असताना सुमारे पाच मिनिटे वीज जाता कामा नये, म्हणून मिनी यूपीएसवर करा.

अपडेटनंतर रीसेटचे छिद्र पिनने दहा सेकंद दाबून राउटर मूळ स्थितीत आणा आणि सेटिंग हाताने भरा. जुना बॅकअप परत चढवण्याचा मोह टाळा; डीएनएसचा खोटा पत्ता त्यातूनच परत येतो. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड वेगवेगळे ठेवा. रिमोट मॅनेजमेंट आणि टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी सोय) बंद. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वाय-फाय जोडण्याची सोय) बंद : त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, म्हणून दहा कोटी नव्हे, फक्त ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्येच उघड झाले आहे. यूपीएनपीही बंद करा, नाहीतर घरातला कुठलाही डीव्हीआर किंवा टीव्ही तुम्हाला न विचारता बाहेरचा पोर्ट उघडतो. पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरची वाहतूक आतल्या उपकरणाकडे पाठवण्याच्या) यादीतल्या अनोळखी नोंदी काढा. डीएनएस दोन ठिकाणी तपासा, वॅनमध्ये (बाहेरची जोडणी) आणि डीएचसीपीमध्ये (आतल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय). दुसरे ठिकाण हमखास विसरले जाते.

मिनी यूपीएसचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी लाईट गेली की राउटर आपोआप रीस्टार्ट व्हायचा, आता महिनोन्महिने होत नाही. मिराईसारखे विषाणू केवळ रॅममध्ये राहतात, रीस्टार्टने पुसले जातात. पण दोष तसाच राहिला तर थोड्याच वेळात लागण पुन्हा होते. शिवाय सगळे विषाणू तसे नसतात : २०१८ चा व्हीपीएनफिल्टर ५४ देशांत ५ लाखांहून अधिक उपकरणांत सापडला, एफबीआयने रीस्टार्ट करा म्हणून सांगितले, पण त्याचा पहिला टप्पा रीस्टार्टनंतरही टिकत होता.

वरचे सगळे बाजारातून स्वतः घेतलेल्या राउटरला लागू. फायबर कंपनीने दिलेल्या डब्याचे रीसेट मात्र विचारल्याशिवाय दाबू नका. त्यात ऑप्टिकल नोंदणीची माहिती आणि व्हीलॅन भरलेले असते. ते पुसले गेले की पॉनचा (फायबरच्या जोडणीचा) दिवा लुकलुकत राहतो आणि तंत्रज्ञ येईपर्यंत नेट नाही. या डब्यांचे फर्मवेअर कंपनी लांबूनच बदलते. अ‍ॅडमिन पासवर्ड ग्राहकाला बहुधा देत नाहीत. ग्राहकाने करायचे ते इतकेच : डबा ब्रिज मोडवर (राउटरचे काम न करता नेट फक्त पुढे देणाऱ्या स्थितीत) टाकून मागायचा आणि त्यापुढे स्वतःचा, अपडेट मिळणारा राउटर लावायचा. छोट्या ऑफिसला हा खर्च जड नाही. ऑफिस असेल तर सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) नेटवर्कवर, टॅलीचा संगणक वेगळा.

राउटर किती जुना झाला की काढावा? वयापेक्षा अपडेट थांबले का ते बघा. निर्मात्याने ‘एंड ऑफ लाइफ’ जाहीर केले असेल तर तो राउटर उत्तम चालत असला तरी काढा. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर चढवून जुना राउटर वाचवता येतो, पण ४ एमबी फ्लॅश (साठवणूक) आणि ३२ एमबी रॅमच्या स्वस्त राउटरना त्याच्या नव्या आवृत्त्या पेलत नाहीत. जेल रोडच्या बाजारात जुना राउटर दोन-तीनशेत मिळाला म्हणून आनंद मानण्याआधी हे तपासावे. आणि स्वतःचा जुना डबा विकताना किंवा ई-कचऱ्यात देताना रीसेट करूनच द्यावा. तुमच्या कनेक्शनचा पासवर्ड त्यात असतो.

ग्राहकाच्या हातात न येणारा भाग कंपन्यांनी उचलायला हवा. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो मोडेमना विषाणूने ग्रासले, त्याचे कारण कारखान्यातून आलेला न बदललेला पासवर्ड हेच होते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असा सरसकट पासवर्ड ठेवून उपकरण विकणे बेकायदा आहे, आणि सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील तेही निर्मात्याला जाहीर करावे लागते. कायद्याची वाट न बघता इंदूरच्या नेट पुरवठादारांना तीन गोष्टी आजही करता येतील. प्रत्येक डब्याला वेगळा अ‍ॅडमिन पासवर्ड द्यावा. मासिक बिलावर मॉडेल आणि फर्मवेअरची तारीख छापावी. आणि अपडेट थांबलेला डबा ग्राहकाने तक्रार करण्याआधी स्वतःहून बदलून द्यावा. ग्राहकांनी नवे कनेक्शन घेताना नेटचा वेग विचारतात तसे या तिन्ही गोष्टी विचाराव्यात. दुकानदाराला राउटरची हार्डवेअर आवृत्ती आणि अपडेट कधीपर्यंत, हे विचारावे. उत्तर आले नाही तर दुसरा राउटर घ्यावा.

आपले,
नेटवर्क दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक,
इंदूर